बाबांचा निळा पंचा

ती. बाबांना,

चिझुरूचा वाकून नमस्कार. कानाझावात बर्फ पडतोय, पण मिसोचं सार गरमागरम मिळतं. काळजी नको.

फक्त माझा उजवा हात ऐकेनासा झालाय. धनुष्य पुरतं ताणायच्या आत बाण आपोआप सुटतो. ओकाबेबाई शिकवताना म्हणाल्या, "हाताला घरी जायची घाई झालीय का गं? ज्याला बाण लागलेला तुला बघवणार नाही, असं काहीतरी टांग समोर."

मी पेंढ्याच्या निशाणावर घरून आणलेला तुमचा निळा पंचा टांगला. हात थांबला, बाबा! इतका, की आता बाण सुटतच नाही.

आई म्हणते, हल्ली तुमच्या हातून चहा सांडतो. तुमचाही हात ऐकत नाही का?

पंचा काढायला तुम्हीच या. तोवर मी धनुष्य ताणून उभी आहे.

तुमची,
चिझुरू