भुरळ आणि सुकटीची चटणी

बाई, तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि आज मी तलासरीच्या एका शाळेत तुमच्यासारखीच फळ्यासमोर उभी आहे. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "भुरळ घालणे म्हणजे काय हो?" मराठीची बाई आणि याच शब्दाला अडते! तुम्ही असतात तर डस्टर आपटून म्हणाला असतात, "बोल की, घुम्यासारखी काय उभी?"

दोन हजार चौदा साल. तुम्ही हाच वाक्प्रचार वाक्यात वापरायला दिला होता. कुणाला चंद्राने भुरळ घातली, कुणाला बाजारातल्या बांगड्यांनी. मी लिहिलं, "माझ्या आईने माझ्या बापाला भुरळ घातली." आमच्या पाड्यावर सगळे तेच बोलायचे. त्या पावसाळ्यात बाप भावांपासून वेगळा निघाला आणि आजीने ठरवूनच टाकलं, सुनेने जेवणातून काहीतरी चारलं. तेव्हापासून आईच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेईना. वही वाचता वाचता तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तुम्ही एवढंच म्हणालात, "आईला सांग, रविवारी जेवायला येते."

आणि आलात की! डहाणूहून जीपने, पुढे बांधाबांधाने चालत. भातकापणी चालू होती. दुपारी बाया सावलीत गोल बसून भाकऱ्या सोडतात, एकमेकींच्या कालवणात हात घालतात. आई मात्र लांब, पाठ करून बसलेली. तुम्ही सरळ तिच्यासमोर मांडी ठोकलीत. "वहिनी, वाढा. भुकेने जीव चाललाय." काकी धावत आली. "बाई, तिच्या हातचं नका खाऊ, तिच्या मागे लागाल." तुम्ही भाकरी मोडलीत, सुकटीची चटणी लावलीत, आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "अगं, लागलेच की! या चवीला भुरळ म्हणता होय? मग चांगलं रांधणारी प्रत्येक बाई भुरळच घालते." बाया फिस्सकन हसल्या. आई तोंडाला पदर लावून रडत होती. तुम्ही आणखी एक भाकरी मागितलीत. पुढच्या आठवड्यात काकीनेही ती चटणी चाखली, नाक मुरडत का होईना. छाती असावी तर तुमच्यासारखी, बाई!

आज त्या मुलीला सांगितलं, मन असं ओढून घेणं की समोरच्याला भानच राहू नये. बरोबर ना? हा कागद आता पेटीच्या तळाशी जाईल. आईला वाचता येत नाही, तरी लपवणारच. कारण तुम्हाला वाटलं, मी लोकांचं बोलणं वहीत उतरवलं. नाही हो. माझाही विश्वास होता. दोन महिने मी आईची भाकरी गुपचूप कुत्र्याला घालायचे आणि शाळेतल्या खिचडीवर दिवस काढायचे. त्या दुपारी तुम्ही पहिला घास घेतलात, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, तुम्हाला काही होतंय का म्हणून. तुम्ही पाणी प्यायलात, ढेकर दिलात. मग मी जेवले.