तुमच्या शेवटच्या धावा

सर, मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाचा झालोय. माझाही उजवा डोळा अंधुक झालाय, म्हणून लिहायला बसलो. पन्नासचं दशक संपता संपता आम्ही पुण्या-मुंबईची पोरं जर्मनीतल्या आखनला इंजिनिअरिंग शिकायला आलो. आम्हाला इंग्रजी शिकवणारे तुम्ही, जर्मन बायको करून तिथंच राहिलेले आयरिश गृहस्थ, पहिल्या महायुद्धाआधी आयर्लंडकडून क्रिकेट खेळला होतात हे कळल्यावर आम्हाला कोण आनंद झाला! रविवारी आम्ही कुरणावर काथ्याचं मॅटिंग अंथरून खेळायचो. गाई हाकलायचं काम कर्णधाराचं, म्हणजे माझं.

अजून डोळ्यांसमोर आहे: तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही सुपाचा चमचा बॅटसारखा धरून सांगताय: पहिल्याच सामन्यात शून्य, पुढच्या वर्षी दिवसभर उभं राहून वाचवलेला सामना, मग युद्ध, आणि सगळा खेळ तिथंच आटोपला. "एकदा मला खेळायला घ्या," म्हणालात. निघताना तुमच्या पत्नींनी मला दारात थांबवलं. "त्यांना नीट दिसत नाही रे. चेंडू डोक्याकडे येऊ देऊ नकोस, हं?" मी मान डोलावली.

त्या रविवारी आमच्या वेगवान गोलंदाजानं देवाला फूल वाहावं तसे चेंडू टाकले. दोन सोपे झेल सुटले. तुम्ही धावा काढत होतात, गाल लालबुंद झाले होते. मग एक धाव काढून तुम्ही पलीकडच्या टोकाला गेलात आणि त्याच गोलंदाजानं सवयीनं नेहमीच्या वेगात पुढच्या चेंडूवर तुमच्या जोडीदाराचा स्टंप उडवला. बावळट कुठला! तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बॅट काखेत घेतलीत आणि चालत आलात. "आयर्लंडसाठी खेळताना मिळालं ते शून्य माझं होतं. या धावा कुणाच्या?"

त्यानंतर तुम्ही कुरणाकडे फिरकला नाहीत. वर्गात तेच धडे, तोच आवाज, फक्त माझ्याकडे बघणं बंद. फेब्रुवारीत तुम्ही गेलात.

मित्रांना मी आजवर सांगत आलो की तुमच्या पत्नींनीच गळ घातली होती. त्या बिचाऱ्यांनी फक्त डोकं सांभाळायला सांगितलं होतं. सोपे चेंडू टाका, झेल सोडा, हे मी माझ्या मनानं सांगितलं. तुम्ही पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता, तर ते मला बघवलं नसतं.