टोपीआडचा काटा

ओतेंग,

वेगळे झालो तेव्हा तुझं तोंड बघणार नाही म्हटलं होतं. तो शब्द अजून पाळतेय. पण आज माऊनहून विमान घेऊन उडाले आणि वेगाचा काटा एकदम शून्यावर गेला, मग भलतंच काहीतरी दाखवायला लागला. शेजारच्या सीटवर प्रवासी म्हातारी म्मा दिकेलेदी, मांडीवर कोंबडी.

विमान चालवायला शिकवताना तू तुझी घामट टोपी त्या काट्यावर टांगायचास. "खोटं बोलायला लागला की झाकून टाक त्याला. भूक लागली हे काय घड्याळ बघून कळतं तुला?" तेव्हा संताप यायचा. आज मी माझीच टोपी तिथं टांगली. इंजिनाचा सूर, वाऱ्याचा आवाज आणि मुठीतल्या दांड्याचा भार, एवढ्यावर सेरोंगाच्या धावपट्टीवर उतरले.

"कोंबडीसुद्धा जागी झाली नाही बघ," म्मा म्हणाली. "कुणी शिकवलं गं पोरी?"

"आपोआप आलं," मी म्हटलं.

पंखाखालच्या वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशीनं चिखल भरला होता. तो काढला, काटा ताळ्यावर आला.

हे पत्र पाठवणार नाही, तू आधीच कमी फुगलेला नाहीस. पण परत माऊनला उतरताना काटा धडधाकट असूनही मी टोपी पुन्हा टांगली. तुझी बडबड ऐकायची होती.

मासेगो