शिवलकर गृहसजावटमधील माझा अर्धा हिस्सा

मी, श्रीमती राही आत्माराम शिवलकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त प्राध्यापिका (तर्कशास्त्र) व त्यानंतर गृहसजावट व्यावसायिक, राहणार रत्नागिरी, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे मन स्थिर आहे. गुडघे नाहीत, परंतु कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न करून पाहिलेली माणसे याच गावात हयात आहेत, त्यांच्याकडे चौकशी करावी. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते घर माझ्या भावाचा मुलगा समर्थ, मुक्काम मुंबई, यास द्यावे. दिवाणखान्यात छताखाली दुसरे छत त्याने बसवू नये. कोकणात त्या पोकळीत आधी ओल येते, मग उंदीर येतात आणि शेवटी गिऱ्हाइकाचा फोन येतो.

कलम २. बँकेतील ठेवीतून माझे अंत्यविधी उरकावेत. उरेल ते माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयास, तर्कशास्त्राच्या पुस्तकांसाठी. ती कोणी वाचणार नाही, हे मी जाणते. पुस्तक असणे आणि वाचले जाणे हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत.

कलम ३. राजापूरजवळच्या येसूबाईंना त्याच ठेवीतून दोन शिसवी पाट करून द्यावेत. त्यांचा मुलगा दीपक मुंबईस असतो. त्याने फोनवर आराखडा मंजूर केला आणि आम्ही स्वयंपाकघरात उंच ओटा व त्याभोवती चार उंच स्टुले बसवली. आज ओट्यावर आमसुले वाळतात, स्टुलांवर कोंबड्या बसतात आणि येसूबाई जमिनीवर जेवतात. पैसे देणारा आणि घरात राहणारा एकच असतो, हे गृहीतक या धंद्यात प्रथम तपासावे.

कलम ४. दुकानातील दोन टेबलांमधला बाक सुतार धाकू यास द्यावा. कारण नमूद करणे आवश्यक आहे.

हे दुकान माझे व माझ्या धाकट्या जाऊबाई दर्शना यांचे निम्मेनिम्मे आहे. वरील दीपकच्या राजापूरजवळच्या घरात जांभ्याची उत्तम चिरेबंदी भिंत होती. दर्शनाने तिच्यावर जांभ्याचे चित्र छापलेला कागद चिकटवला. मी म्हटले, ‘‘वस्तूवर त्याच वस्तूचे चित्र लावल्याने वस्तू झाकली जाते, वाढत नाही.’’

ती म्हणाली, ‘‘गिऱ्हाइकाला आवडला ना वैनी? मग झाला!’’

‘‘तुझ्याशी वाद घालणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे.’’

‘‘मग नका घालू.’’

तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, आम्ही परस्परांशी बोललेलो नाही. त्याच वर्षी श्रावणात तो कागद सुटून खाली आला. माझा मुद्दा सिद्ध झाला, असे मी मानते. दुसरी ऑर्डर मिळाली, असे ती मानते.

दरम्यानचे सर्व बोलणे त्या बाकावर बसून धाकूने केले. मी सांगे, ‘‘तिला सांग, हा पडदा म्हणजे डोळ्यांवर हल्ला आहे.’’ तो वळून म्हणे, ‘‘धाकल्या वैनी, मोठ्या वैनी म्हणतायत, रंग जरा उठून दिसतो.’’ तिकडून येई, ‘‘त्यांना सांग, कॉलेज सुटला, आता पोरांना झोपवायचा नाय.’’ तो मला सांगे, ‘‘त्या म्हणतायत, तुम्ही दमला असाल.’’ असा सुतार मिळाल्यास भागीदारी भांडूनही टिकते.

कलम ५. आता दुकानाचा गाळा. समर्थचे म्हणणे, ‘‘आत्या, तुझा अर्धा भाग मोबाइलवाल्याला विकू. दर्शनाकाकींचा अर्धा त्यांना राहीलच.’’ युक्तिवाद निर्दोष आहे. मात्र अर्ध्या गाळ्यात प्लायवूडचा ताव आडवा पडत नाही, त्यामुळे दर्शनाचा धंदा बंद होईल. आणि दर्शनाला दुसरे काही उत्पन्न नाही, तसेच, माझ्या मते, रंगाची जाणही नाही. या शेवटच्या मुद्द्यामुळे काल रात्रीपर्यंत माझा कल समर्थकडे होता.

आज दुकानात बसून हे कलम लिहिताना, पक्षकाराची बाजू ऐकावी म्हणून मी धाकूस म्हटले, ‘‘तिला सांग, मी मृत्युपत्र करते आहे. माझ्या हिश्श्याबद्दल तिचे काही म्हणणे आहे का?’’

दर्शना मशीनवर पडदा शिवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्यांना सांग, हिस्सा गेला खड्ड्यात. मरायची घाई करू नका. मी वाईट रंग निवडला तर वाईट हाय म्हणून सांगणारा दुसरा कोण हाय मला?’’

धाकूने हा निरोप, इतक्या वर्षांत प्रथमच, एकही शब्द न बदलता मला दिला. टेबले जवळजवळ असल्याने मी तो आधीच ऐकला होता. तरीही त्यास पुन्हा सांगायला लावला.

सबब गाळ्यातील माझा संपूर्ण हिस्सा जाऊबाई दर्शना यांना विनाअट देत आहे. या निष्कर्षास पुरेसे आधारविधान नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.

सही: राही आत्माराम शिवलकर

साक्षीदार (या पत्रान्वये दोघांनाही काही मिळत नाही, याची कल्पना त्यांना सहीपूर्वी दिली आहे. दोघांनी माझी सही होताना पाहिली व माझ्यादेखत आपली केली):
१. महेंद्र जाधव, वकील
२. स्वरूप नागवेकर, शेजारचे झेरॉक्स दुकान

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४