सार्थकच्या खोलीतली शांतता

द्वारका, नाशिक

तीर्थरूप आईस, वेदिकाचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

चौकातल्या हॉर्नने सार्थकची झोपमोड नको, म्हणून ह्यांनी भिंतींना फोम लावला, खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसवल्या. दारावर तुझी गोधडी टांगली. घर अगदी शांत झालंय.

काल त्या शांततेत पाळण्याशेजारीच माझ्या हातून कुकरचं झाकण पडलं. सार्थक जागाच होता, पण त्याची पापणीही हलली नाही. आता आठवतंय, हॉर्नने उठायचो ते आम्हीच.

ह्यांना अजून सांगितलं नाही. फोनवर बोलले तर ऐकतील, म्हणून लिहितेय.

सायखेड्याला बाळाला घरात घेताना तू त्याच्या कानाशी थाळी वाजवली होतीस. मी मागे होते, मला त्याचं तोंड दिसलं नाही. आई, तेव्हा तो दचकला होता ना?

तुझी वेदी