बेकनने माखलेली पँट

प्रिय आई,

वर्ल जिवंत आहे, हे आधी सांगते. मांडीला टाके पडलेत, पण पाय जागेवर आहे.

या जंगलात तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत, पण शेजारी नाही आणि हात धुवायला नळही नाही. खाण्याची पिशवी आम्ही दरवेळेसारखी तंबूपासून लांब, उंच फांदीला टांगली. पण तुमच्या चिरंजीवांनी बेकनचे तेलकट हात पँटला पुसले आणि तीच घालून झोपले. मी म्हटलं, "काढ ती." तर म्हणतो, "अगं, अस्वल काय माझी पँट हुंगायला येणारंय?"

उजाडता उजाडता आलंच. तंबू फाडून त्याला मांडीला धरून फरफटत नेलं. मी बिडाच्या तव्याने अस्वलाच्या नाकाडावर हाणत सुटले. तवा फुटला, तरी सोडेना. तेव्हा आपला म्हातारा हच भुंकत त्याच्या नरड्याला झोंबला. अस्वलाने वर्लला सोडलं आणि हचला फाडून झाडीत नेलं.

तुमचे गुडघे कसे आहेत? कोंबड्यांना दाणे टाकताना वाकू नका.

रविवारी पोचतो. तेवढी आमच्या पायरीवरची हचची वाटी उचलून ठेवा. गाडीतून उतरल्यावर वर्ल आधी तिकडेच बघेल.

तुमची सून,
मॅव्हिस