फळ्यावरची सही

अण्णा, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि आज दुपारी कँटीनमध्ये तुमची आठवण निघाली, म्हणजे माझ्या मनात निघाली. कुठल्याशा देशाच्या वकिलातीवर हल्ला झाला होता, तिथल्या सरकारने निषेध केला होता, विरोधक सरकारवर तुटून पडले होते. माझ्या टेबलावरची पोरं त्यावरून भांडत होती. एक म्हणाला, "हे लोक नुसते स्टेटमेंट देतात. डायरेक्ट ठोकायला पाहिजे." दुसरा म्हणाला, "तू आधी तुझे बग ठोक, कालपासून पडलेत." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सर, तुमचं काय मत?" मी पाणी प्यायलो आणि उठलो. मत सांगायचं तर आधी त्या बुधवारचं सांगावं लागलं असतं.

तुम्ही छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलीत आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीतल्या आमच्या चौकातला वार्ताफलक हातात घेतलात. सहा फूट बाय चार फूट, दर दिवाळीला काळ्या रंगाचा नवा हात. मी तेव्हा पंचविशीचा, दहावी नापास, मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर कामाला. कामावर जाताना तुमचा फळा वाचायला थांबायचो. एकदा तुमच्या 'श'ची गाठ कशी पडते ते विचारलं आणि तुम्ही माझ्या हातात खडू दिलात. दोन वर्षांत माझं अक्षर तुमच्या अक्षरापासून वेगळं काढता येईना. फळ्याचे तुमचे नियम दोनच. दोन वर्तमानपत्रांत आलेलं असेल तेवढंच लिहायचं. आणि मत लिहायचं असेल तर खाली पूर्ण नावाने सही करायची. तुमची सही मी फळ्यावर कधी पाहिली नव्हती. पुढे बंद पडलेले संगणक उघडून, जुन्या बाजारातली पुस्तकं वाचून मी शिकलो आणि हडपसरच्या कंपनीत नेटवर्क सांभाळायला लागलो. कुणी शिकवलं असं विचारलं की मी "कुणीच नाही" म्हणतो. यंत्रांपुरतं ते खरं आहे.

काबूलमधल्या आपल्या वकिलातीच्या दारात स्फोट झाला तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी तुम्ही लिहिलंत की आपली माणसं गेली, आणि व्हिसासाठी दारात थांबलेली तिथली माणसंही गेली. सरकारचं म्हणणं खाली एका ओळीत. फळ्यासमोर गर्दी जमली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, सरकार शेपूट घालून बसलंय, ते लिहा की." तुम्ही हातावरचा खडू झटकत म्हणालात, "आपण पाहिलंत का शेपूट? लांबी सांगा, लिहितो." बँकेतून निवृत्त झालेले शेजारी सरकारच्या बाजूचे. ते म्हणाले, "सैन्य पाठवणं म्हणजे स्वारगेटहून बस सोडणं नाही, अध्यक्ष." अध्यक्षांनी त्यांना विचारलं की मग अजून किती माणसं मेल्यावर बस सुटते. मी अध्यक्षांच्या बाजूने होतो, मनापासून होतो. तुम्ही ओळ पुन्हा वाचून एक स्वल्पविराम पुसत होतात, त्याचा मला संताप आला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "माणसं मेलीत अण्णा, आणि तुम्ही स्वल्पविराम बघताय." तुम्ही वळून पाहिलंत. "माणसं मेलीत म्हणूनच बघतोय," म्हणालात.

बुधवारी संध्याकाळी तुम्हाला डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून खडूच्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती. चार वाजता ऑफिसात एका वेबसाइटवर मी वाचलं की आपल्या विमानांनी सीमेपलीकडचे तळ उद्ध्वस्त केले. एकाच ठिकाणी होतं. दुसरीकडे शोधलं, सापडलं नाही. पण बातमी पेपरच्या आधी माझ्यापर्यंत पोचते याचा मला तेव्हा माज होता. साडेपाचला, चौकात कुणी नसताना, फळा पुसला आणि तुमच्या अक्षरात लिहिलं. फटाके वाजले. अध्यक्षांनी पेढे आणवले, एक मीही खाल्ला. समोरच्या इमारतीतल्या काकू तेवढ्यात खाली आल्या. त्यांचा मुलगा सैन्यात, सीमेवर. त्यांनी फळा दोनदा वाचला आणि मला विचारलं, "म्हणजे लढाई सुरू झाली का रे? अण्णांनी लिहिलंय म्हणजे झालीच असेल." मी म्हणालो, "बघू या, काकू."

गुरुवारी सकाळी तुमच्या हातात तीन वर्तमानपत्रं होती. एकातही ती बातमी नव्हती. तुम्ही मला विचारलंत, "आधार कुठला?" मी सांगितलं. "आणि दुसरा?" मी डस्टर पुढे केलं. तुम्ही फळा पुसलात आणि लिहिलंत, "काल येथे लिहिलेली बातमी निराधार होती. चूक माझी आहे." खाली पूर्ण नावाने सही. मग काठी टेकत समोरच्या इमारतीत काकूंकडे तीन जिने चढून गेलात आणि उतरून आलात तेव्हा चौक भरला होता. अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, डोळ्यांबरोबर डोकंही तपासून घ्यायचं होतं." बँकवाल्यांनाही हसू आलं. मी डस्टर धरून उभा होतो, हात पांढरे. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुला उशीर होतोय ना? नीघ." आणि मी निघालो.

त्या महिन्यानंतर तुम्ही फळा सोडलात. कुणी आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी त्याच वकिलातीवर पुन्हा हल्ला झाला, तेव्हा फळ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मी तुमच्या घरी आलो. तुम्ही विचारलंत, "पेपर वाचलास?" मी म्हणालो, वाचला. "किती?" दोन, मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. त्या बुधवारबद्दल आपण त्या दिवशी बोलू शकलो असतो. चहा झाला, मी उठलो.

तुमची शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्ष चांगलं बोलले, खरंच. शेवटी म्हणाले, "इतक्या वर्षांत अण्णांची चूक एकच. ती मंगळवारची युद्धाची बातमी. वय झालं होतं, आपण सांभाळून घेतलं." पहिल्या रांगेत बसलेल्या तुमच्या मुलीने मान खाली घातली. मी तिसऱ्या रांगेतून उठलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बुधवार," मी म्हणालो, "बुधवार होता तो." अध्यक्ष म्हणाले, "बरं, बुधवार." मी खाली बसलो.

तुमची मुलगी अजून त्याच घरात राहते. बाप म्हातारपणी बातमीत चुकला, एवढंच तिला ठाऊक आहे. हे तिच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहायला घेतलं असं मी मघापासून स्वतःला सांगतोय. तसं असतं तर पहिल्याच ओळीत तुमच्याऐवजी तिला हाक मारली असती.